हातची सीट सोडू नये म्हणता, पण काका, जरा थांबा

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे तीन पत्रं एकाच विषयावर, अमेरिकेतलं मेडिकल. आपल्या उदगीर-नांदेडच्या घराघरातनं कुणीतरी तिकडं गेलेलं आहे आणि आता त्यांची पोरं बारावीला आलीत, त्यामुळं हे होणारच होतं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यांच्या हातात दिवस कमी आहेत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी उदगीरचा, रिटायर्ड मुख्याध्यापक. थोरला मुलगा वीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे, तिकडचा सिटिझन झालाय, नात तिथंच जन्मली आणि आता बारावीला आहे. तिला दोन ठिकाणाहून पत्र आलंय. एक सात वर्षांचा कोर्स, तीन वर्षं कॉलेज आणि चार वर्षं मेडिकल, सीट आत्ताच पक्की. दुसरं एका लई नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत, पण तिथं नुसतं चार वर्षांचं कॉलेज, मेडिकलसाठी नंतर पुन्हा परीक्षा द्यायची, नंबर लागला तर लागला. १ मे पर्यंत कुठंतरी पैसे भरून कळवायचंय. मुलगा म्हणायलाय सात वर्षांचं घे, सून म्हणायलीय मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊ द्या, नात काहीच बोलेना. आमचे दोन पुतणे लातूरला दोन-दोन वर्षं रिपीट करून पण एमबीबीएसला लागले नाहीत, तवा मला वाटतं हातात आलेली सीट कुणी सोडतं का? आणि इकडंच एनआरआय कोट्यातून तिला एमबीबीएसला घातलं तर कसं, ते पण सांगा.
— एक आजोबा, उदगीर

उत्तर: काका, नमस्कार. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ कुठं अडकले सांगू का, 'नात काहीच बोलेना' इथं. त्याच्यावर येतेच मी, पण आधी तिकडचं सगळं कसं चालतं ते नीट बघू, कारण तुमची भीती लातूरची आहे आणि निर्णय न्यू जर्सीतला आहे, आणि ही दोन गणितं वेगळी आहेत.

मी लातूरला सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवलं. आपल्याकडं सीट म्हणजे काय असतं ते मी रोज बघितलंय. वर्षातून एकदा नीट, १८० प्रश्न, ७२० मार्क, त्या दिवशी पोराचं डोकं दुखलं तरी वर्ष गेलं, पाच मार्कानं हजारो रँक खाली, आणि मग पुन्हा ट्यूशन एरियात रूम, पुन्हा मेसचा डबा. अशा ठिकाणी कुणी हातची सीट सोडत नाही आणि सोडूही नये, तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण तिकडं मेडिकल बारावीनंतर नसतंच मुळी. आधी चार वर्षांची डिग्री, कशातही, इतिहास घ्या, संगीत घ्या, केमिस्ट्री घ्या. त्यासोबत मेडिकल कॉलेजांना लागणारे विषय करायचे, बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री. यालाच प्रीमेड म्हणतात, ती काही वेगळी डिग्री नाही, ती एक वाट आहे. मग एमकॅट नावाची परीक्षा, चार भाग, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासाच्या आसपास जातात, मार्क ४७२ पासून ५२८ पर्यंत, मध्य ५०० ला. त्यातला एक भाग नुसते उतारे वाचून विचार करायचा असतो, तिथं सायन्सचं पाठांतर कामाला येत नाही, आणि आपल्या हुशार पोरांची गाडी हमखास तिथंच अडते. मग साधारण मे-जूनमध्ये अर्ज, मग प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध, मग हिवाळाभर इंटरव्ह्यू. मेडिकलची चार वर्षं झाली की रेसिडेन्सी, म्हणजे दवाखान्यात काम करत एका विषयाचं पुढचं शिक्षण, ती तीन ते सात वर्षं, विषयावर अवलंबून.

आता तुमच्या मुलाची भीती खोटी आहे का? नाही. तिकडं एमडीसाठी (आपल्याकडं एमडी एमबीबीएसनंतर असते, तिकडं तीच डॉक्टरकीची मूळ डिग्री) वर्षाला साधारण ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं त्या वर्षी बाहेर राहतात. आणि ही सगळी कॉलेजात चांगले मार्क मिळवणारी पोरं असतात बरं का, कच्ची पोरं मधेच दुसरीकडं वळलेली असतात. डीओ नावाची दुसरीही डिग्री आहे तिकडं, ते पण पूर्ण डॉक्टरच, सर्जरीसुद्धा करतात, ती वाट धरली तर जागा अजून वाढतात. पण एवढं खरं की प्रीमेडला काही गॅरंटी नाही.

मात्र तिकडं नंबर नाही लागला म्हणजे आपल्यासारखं पोर घरात तोंड लपवून बसत नाही, हे मी माझ्या भाचीकडं बघून सांगते. माझा सख्खा भाऊ ओहायोत असतो, त्याची मुलगी प्रीमेडनं गेली. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मार्क घसरले, एमकॅट दोनदा दिली, पहिल्या वर्षी चोवीस ठिकाणी अर्ज करून दोनच इंटरव्ह्यू आले आणि दोन्हीकडं वेटिंग लिस्ट, ऑगस्ट उजाडला तरी फोन नाही. भावाला झोप नाही. पण पोरगी एका दवाखान्याच्या इमर्जन्सीत डॉक्टरच्या मागं लॅपटॉप घेऊन नोंदी लिहायच्या कामाला लागली, त्याला स्क्राइब म्हणतात, पगार किरकोळ, आणि शनिवारी शेवटच्या दिवसातले पेशंट असतात त्या ठिकाणी सेवेला जायची. तिथं एका म्हाताऱ्या बाईला चमच्यानं दही भरवायचं काम हिच्याकडं. ती बाई तोंड गच्च मिटून घ्यायची. ही आधी चमचा ओठाला लावून लावून थकायची, मग एक दिवस हिनं चमचा वाटीत ठेवला आणि नुसती शेजारी बसून राहिली, दहा-पंधरा मिनिटांनी त्या बाईनंच तोंड उघडलं. मला फोनवर म्हणाली, आत्या, मला सगळ्याची घाई असायची, ती तिथं गेली. पुढं ती २४ व्या वर्षी मेडिकलला लागली. तिच्या वर्गात बावीस वर्षांचे पण होते आणि तिशीतले पण. तिकडं आता निम्म्याहून जास्त पोरं कॉलेज आणि मेडिकलच्या मधे एक-दोन वर्षं काम करूनच येतात, त्याला कुणी ड्रॉप म्हणत नाही.

हे मी तुम्हाला सात वर्षांच्या कोर्सच्या विरोधात सांगत नाहीये हां, काका. ते कोर्स खरंच चांगले आहेत आणि त्यात नंबर लागणं लई अवघड आहे, नातीचं कौतुक करा आधी. पण 'सीट पक्की' या शब्दावर थांबू नका, ते पत्र अख्खं वाचा, मुलाला म्हणावं मला पीडीएफ पाठव, आणि तुम्ही जसं शाळेचं जीआर वाचत होता तसं वाचा. कारण प्रत्येक ठिकाणचं पक्कं वेगळं असतं. मिसुरीत कॅन्सस सिटीच्या युनिव्हर्सिटीत सहा वर्षांत बीए आणि एमडी दोन्ही होतं, १९७१ पासून चालू आहे, तिथं पोरं पहिल्या वर्षापासूनच पेशंटच्या आसपास असतात. ब्राऊन युनिव्हर्सिटीचा कोर्स आठ वर्षांचा आहे, वर्ष काही वाचत नाही, पण एमकॅट द्यावी लागत नाही आणि कॉलेजच्या चार वर्षांत पोरानं वाटेल ते शिकावं असाच त्याचा उद्देश आहे. न्यू जर्सीतच द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि नेवार्कचं मेडिकल स्कूल मिळून सात वर्षांचा कोर्स चालवतात. तर तुमच्या पत्रात बघायचं काय, तर जीपीए, म्हणजे कॉलेजच्या मार्कांची ४ पैकी सरासरी, किती राखायचा, ३.५ म्हटलं असेल तर एका सेमिस्टरला ३.४ आला तर लगेच काढतात का सावरायला एक संधी देतात, एमकॅट द्यायची का, दिली तर ठरावीक मार्क पडलेच पाहिजेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला पुढं दुसऱ्या मेडिकल कॉलेजात अर्ज करून बघावं वाटलं तर ही सीट राहते का जाते. काही ठिकाणी बाहेर अर्ज केला की इथली सीट गेली. ज्या कोर्समध्ये जीपीए पण वर, एमकॅटचे मार्क पण वर आणि बाहेर जायची पण बंदी, तिथं हमी नावालाच असते, कारण एवढे मार्क असलेलं पोर प्रीमेडनं पण कुठंतरी लागतंच. आणि जिथं अटी हलक्या आहेत तिथली हमी सोन्यासारखी, ती सोडताना दहादा विचार करावा.

दुसरं, तीन वर्षांत कॉलेज संपवायचं म्हणजे उन्हाळ्यात पण वर्ग, मोकळा वेळ नाहीच. ज्याला ठाऊक आहे त्याला ते चालतं. पण माझ्या ओळखीतल्या एका घरातला पोरगा असाच सतराव्या वर्षी कॉलेज-मेडिकल एकत्र असलेल्या जोडकोर्सला लागला, गावाकडं पेढे वाटले, आणि तिसऱ्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला पेशंटचा कंटाळा येतोय, आकडेमोडीत मन रमतंय. मग दीड वर्ष तो घरी सांगायलाच घाबरत होता. सीट पक्की होती ना, सोडू कशी. पुढं इकॉनॉमिक्सला गेला आणि आता चांगला आहे पोरगा, पण त्या दीड वर्षात तो काय होता ते त्याच्या आईनं मला रडत सांगितलंय. चार वर्षांच्या वाटेवर हेच घडलं असतं तर त्यानं नुसता एक विषय बदलला असता, एवढंच.

पैशाचं पण बोलायलाच पाहिजे, कारण तुमच्या घरात यावर कुणी बोलल्याचं पत्रात दिसलं नाही. सात वर्षांच्या कोर्सला एक वर्षाची फी वाचते, आणि मेडिकलची फी तिकडं कॉलेजपेक्षा पण मोठी असते. मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत चार वर्षं पूर्ण फी भरून घराचे पैसे संपले तर मेडिकलला सगळं कर्ज, आणि तिकडच्या सरकारी कर्जाचा नियम आता बदललाय. आधी ग्रॅड प्लस नावाचं कर्ज होतं, त्यात पूर्ण खर्चाएवढं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना ते बंद, मेडिकलसारख्या कोर्सला वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर अशी हद्द घातलीय. वरचे पैसे खासगी बँकेकडून काढायचे, व्याज जास्त. तुमची नात मेडिकलला जाईल तेव्हा हा नियम तिला लागणार. त्यामुळं मुलाला सुनेला समोरासमोर बसवून दोन्हीकडचा सात आणि आठ वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडायला लावा. फरक मोठा निघाला तर निम्मी चर्चा तिथंच मिटेल.

सुनेचं म्हणणं पण मी सोडून देत नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीत माणसं भेटतात, लॅब मिळते, जग मोठं होतं. पण रेसिडेन्सीला निवड होताना पदवीच्या कॉलेजचं नाव फारसं कुणी विचारत नाही, मेडिकल स्कूलमधलं काम, परीक्षा आणि शिफारसपत्रं बघतात. यूएसएमएलई, म्हणजे तिकडची डॉक्टरकीच्या लायसन्सची परीक्षा, तिचा पहिला टप्पा २०२२ पासून नुसता पास-नापास केलाय, म्हणून मेडिकल स्कूल कुठलं आणि तिथं काय काम केलं याला थोडं जास्त वजन आलंय. त्यामुळं सात वर्षांच्या कोर्समधलं मेडिकल स्कूल कसं आहे, तिथली पोरं पुढं कुठल्या विषयाला जातात, ते बघा, ती यादी बहुतेक कॉलेजं दरवर्षी मार्चनंतर लावतात.

एनआरआय कोट्याचं थोडक्यात सांगते. नात ओसीआय असेल, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड तिच्याकडं असेल, तर मार्च २०२१ च्या नियमानंतर ओसीआय झालेल्यांना किंवा होणाऱ्यांना एनआरआयच्याच जागा, नीट द्यावीच लागते, फी भरमसाट. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आणि नंतर तिला घरी न्यू जर्सीला परतायचं असणारच, तर सगळ्या यूएसएमएलई देऊन रेसिडेन्सीच्या रांगेत बाहेरून यावं लागणार. २०२४ ला तिकडच्या एमडी शेवटच्या वर्षातल्या पोरांना ९३ टक्क्यांच्या आसपास रेसिडेन्सी लागली, आणि बाहेरून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना ६७ टक्क्यांच्या आसपास. हातात दोन चांगली पत्रं असताना हे करायचं काही कारण नाही, नातीला जवळ ठेवायची हौस म्हणून तर अजिबातच नाही, मला माफ करा काका पण हे स्पष्ट लिहिते.

आता नात. तुम्ही मुख्याध्यापक होता, गप्प बसणारं पोर तुम्ही वर्गात शेकड्यानं बघितलंय. काही पोरं उत्तर येत नाही म्हणून गप्प असतात आणि काही येतंय पण घरच्यांना आवडणार नाही म्हणून. तिला एकटीला फोन करा, आईबापाला कॉलवरून उठवा, आणि 'तुला कुठं जायचंय' असं विचारूच नका, त्याचं उत्तर ती घरातली हवा बघून देईल. तिला विचारा, बाळा, दवाखान्यात आजवर जाऊन आलीस त्यात तुला काय आवडलं नाही. जिनं खरंच तिथं दिवस काढलेत ती भराभर सांगेल, वास, वाट बघणं, डॉक्टर पेशंटकडं न बघता कॉम्प्युटरकडं बघतात ते, आणि तरीही मला तिथंच जायचंय म्हणेल. असं झालं आणि पत्रातल्या अटी हलक्या निघाल्या तर काका, सात वर्षांचं डोळे झाकून घ्या, सुनेला मी समजावते. आणि तिला सांगायला काहीच नसलं, किंवा तिनं नुसतं 'पप्पांना हवंय' म्हटलं, तर तिला चार वर्षं द्या. नावासाठी नको, तिला ठरवायला वेळ मिळावा म्हणून. पुतण्यांचं दुःख मोठं आहे, मला कळतं, पण ते त्या पोरीनं फेडायचं नाही.

प्रश्न: ताई, मी मूळची नांदेडची, आता शिकागोजवळ राहते. मिस्टर एच-वन-बीवर, मी आणि मुलगा एच-फोरवर. ग्रीन कार्डचा नंबर कधी येईल देव जाणे. मुलगा दहावी इथंच संपवतोय, त्याला डॉक्टर व्हायचंय. जोडकोर्स बरा का प्रीमेड? का मी त्याला घेऊन दोन वर्षं लातूरला येऊ? सगळे म्हणतात लातूर पॅटर्न आहे तर इकडं काय करताय.
— एक आई

उत्तर: ताई, तुझ्या बाबतीत जोडकोर्स का प्रीमेड हा दुसरा प्रश्न झाला, पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-फोर, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकापोरांचा व्हिसा, मुलाच्या २१ व्या वाढदिवसाला संपतो, त्याआधी ग्रीन कार्ड आलं नाही तर त्याला एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जावं लागेल. बरेच जोडकोर्स सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि बरीच सरकारी मेडिकल स्कूलं एफ-वनवाल्याचा अर्जच बघत नाहीत. काही मोठी खासगी घेतात, पण सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काही ठिकाणी फीचे पैसे आधीच वेगळे काढून दाखवावे लागतात. म्हणून अर्ज करायच्या आधी प्रत्येक कोर्सला ईमेल करून एच-फोर चालतो का हे लेखी विचारून घे, एजंटच्या तोंडावर जाऊ नको.

लातूरचं म्हणशील तर तो भारतीय नागरिक आहे, नीट देऊ शकतो. पण इकडं येणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग फॉर्म भरताना घरात रडारड होते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. त्याची दहावी तिकडं झाली म्हणजे तो साधारणपणे त्या कोट्यातून गेला, उरल्या १५ टक्के ऑल इंडिया, डीम्ड आणि एनआरआय जागा. एवढ्यासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला शाळा, मित्र, बाप सगळं सोडून ट्यूशन एरियातल्या एका खोलीत आणायचं का, हे तू ठरव. मी अशी तिकडून आणलेली पोरं शिकवलीत. मराठी बोलता येतं पण वर्गात विनोद झाला की इतर हसतात आणि हे पोर इकडंतिकडं बघतं. एक-दोन चांगली निघाली, ती स्वतः हट्ट करून आलेली होती. तुझ्या मुलाला विचारलंस का? नसेल तर आज रात्रीच विचार.

प्रश्न: मॅडम मी अंबाजोगाईचा, नीटचे दोन अटेम्प्ट झाले, क्वालिफाय पण झालो नाही. एक एजंट म्हणतो अमेरिकेत नीटशिवाय आठ वर्षांत डॉक्टर, सीट डायरेक्ट. टोकन म्हणून पन्नास हजार घेतलेत. पप्पा दोन एकर विकायचं म्हणायलेत. करू का?
— एक विद्यार्थी

उत्तर: नको रे बाळा. जमीन विकू देऊ नको, आजच पप्पांना हे वाचून दाखव. डायरेक्ट सीट असलं काही तिकडं नसतं. वरच्या पत्रातल्या, तिथंच शाळा शिकलेल्या एच-फोरच्या पोरासाठीसुद्धा बरेच जोडकोर्स बंद आहेत, तर इथून जाणाऱ्याला तर दारच उघडं नाही म्हण ना. एजंट तुला फार तर चार वर्षांच्या साध्या डिग्रीला घालेल आणि मेडिकलचं पुढं बघू म्हणेल, तोवर दोन एकर गेलेले असतील. आणि बाहेरून एमबीबीएससारखी डिग्री घेऊन इकडं प्रॅक्टिस करायची असेल तर आपल्या मुलांना नीट क्वालिफाय असणं लागतंच, 'नीटशिवाय' हा शब्द ऐकला की उठून यायचं. पुढं कधी अमेरिकेत जायचंच असेल तर आपली हजारो पोरं इथून एमबीबीएस करून, यूएसएमएलई देऊन जातात, ती वाट तुझ्या अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून पण निघते.

तिसरा अटेम्प्ट द्यायचा का नाही हे मी तुझे विषयवार मार्क बघितल्याशिवाय सांगणार नाही, दोन्ही वर्षांचे स्कोअरकार्ड पाठव. फिजिक्समध्येच अडत असेल तर बीएस्सी नर्सिंग, फिजिओ, फार्मसी यावर पण बसून बोलू, त्यात कमीपणा काही नाही. आणि एजंटला दिलेल्या पन्नास हजारांची पावती आहे का? पावती असो नसो, फोन-पेचा स्क्रीनशॉट असेल तर तो जपून ठेव आणि मासिकाच्या पत्त्यावर मला लिही, पैसे परत मागायचं पत्र मी तुला लिहून देते.